दगडांतलें लांकूड

जुनें टाकून नवें घेणें हा मनुष्याचा स्वभाव आहे, आणि नवें हातीं आल्यावर त्याला जुन्याचें रूप देणें हाहि त्याचाच स्वभाव आहे. पहिल्या स्वभावाला आपण प्रगति म्हणतों व तिचे इतिहास लिहितों; दुसऱ्याला मात्र संवय, आळस किंवा भाबडेपणा असें एखादें हलकें नांव देऊन मोकळे होतों. गेलीं कित्येक वर्षें वर्गांत इतिहास शिकवितांना आम्हीहि हेंच करीत आलों. आमची ही समजूत अपुरी आहे असें ध्यानीं आलें तें एखाद्या नव्या ग्रंथामुळें नव्हे, तर एका मुलाच्या खेळामुळें आणि मावळांतल्या दोन लेण्यांमुळें. ती हकीकत, व तिच्यावरून जो विचार सुचला तो, वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

दिवाळीच्या सुट्टींत आमचा एक भाचा आमच्याकडे राहावयास आला होता. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत शिकणारा हा मुलगा दुपारभर टीव्हीच्या पडद्यासमोर बसून खेळे. एके दिवशीं सहज डोकावून पाहिलें, तों पडद्यावर चौकोनी ठिपक्यांचें एक निळें बाहुलें फळीवरून फळीवर उड्या मारीत होतें. चित्र इतकें ओबडधोबड कीं बाहुल्याच्या हाताची बोटें मोजूं म्हटलें तर एकहि सांपडूं नये.

आम्ही म्हणालों, "अरे, एवढें महागाचें यंत्र घेतलेंस आणि त्यावर हें फाटकें चित्र पाहतोस? फार जुना खेळ दिसतो."

"जुना नाही, मामा. हा २००८ सालचा. तो मुद्दाम असा केलेला आहे."

'मुद्दाम' हा शब्द आमच्या कानांत राहिला, आणि पुढच्या अर्ध्या तासांत त्या मुलानें जें सांगितलें तें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी परीक्षेंत लिहिलें असतें तर आम्हीं त्यास पैकीच्या पैकी गुण दिले असते.

त्या खेळाचें नांव 'मेगा मॅन ९'. या मालिकेचा पहिला खेळ जपानांतील कॅपकॉम कंपनीनें १९८७ सालीं काढला, तो निंटेंडो कंपनीच्या फॅमिकॉम नांवाच्या यंत्रासाठीं. तें यंत्र १९८३ सालचें. त्याची शक्ति बेताची. सगळा पडदा म्हणजे आडवे २५६ व उभे २४० ठिपके, रंग मोजके, आणि एकाच आडव्या रेषेंत हालत्या चित्रांचे आठांहून अधिक तुकडे एका वेळीं दाखवितां येत नसत. अधिक झाले कीं ते आळीपाळीनें दाखवावे लागत, त्यामुळें पात्रें लुकलुकत. अशा अडचणींतूनच या खेळांचें रूप घडलें. जगभरच्या मुलांच्या ओळखीचा जो मारिओ, त्याला १९८१ सालच्या 'डाँकी काँग' या खेळांत मोठें नाक, मिशा व टोपी मिळाली, त्याचेंहि कारण हेंच. इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड दिसेना म्हणून मिशा काढल्या, आणि केंस नीट दाखवितां येईनात म्हणून टोपी घातली, असें त्याचा जनक शिगेरु मियामोतो यानें स्वतःच सांगितलें आहे. पुढें यंत्रें सुधारलीं, हवें तसें तोंड काढतां येऊं लागलें. पण मिशा गेल्या नाहींत. आतां त्या मिशा हाच मारिओ झाला होता.

'मेगा मॅन'ची गोष्ट याहून एक पाऊल पुढची आहे. १९९६ सालीं निघालेला या मालिकेचा आठवा खेळ नव्या यंत्राच्या ऐपतीप्रमाणें गुळगुळीत व रंगीबेरंगी, चित्रपटांतल्या व्यंगचित्रांसारखा होता. त्यानंतर बारा वर्षांनीं, ज्या यंत्रांना कांहींच अवघड नव्हतें अशा यंत्रांसाठीं नववा खेळ निघाला, आणि तो मात्र १९८८ सालच्या दुसऱ्या खेळाच्या वळणावर गेला. तेच ठिपके, तसाच चिरका आवाज. मधल्या खेळांत नायकाला जमिनीवरून घसरत जाण्याची व शक्ति सांठवून गोळी सोडण्याची अशा दोन युक्त्या मिळाल्या होत्या. त्याहि काढून घेतल्या. इतकेंच नव्हे, तर जुन्या यंत्राच्या दुबळेपणामुळें जें लुकलुकणें होई, तेंहि हवें असल्यास चालू करतां यावें अशी एक कळ त्यांत ठेवली.

हें ऐकून आम्हांस हसूं आलें. यंत्राचा दोष, तोहि गेलेला दोष, पैसे खर्चून परत आणावयाचा! आम्हीं तसें बोलूनहि दाखविलें. भाचा शांतपणें म्हणाला, "पण मामा, लुकलुकलं नाही तर तो मेगा मॅन कसला?"

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. उत्तर नसलें म्हणजे शिक्षकानें सहल काढावी, हा आमचा जुना परिपाठ. दोनच दिवसांनीं आम्ही त्याला घेऊन मळवलीच्या स्टेशनावर उतरलों.

मळवली हें लोणावळ्याच्या अलीकडचें लहानसें स्टेशन. रुळांच्या दक्षिणेस लोहगड-विसापूरच्या पायथ्याशीं भाजें, उत्तरेच्या डोंगरांत कार्लें. पावसाळा नुकताच सरला होता. भातें पिवळीं झालीं होतीं आणि विसापूरच्या कड्यावरून अजून एकदोन धारा उतरत होत्या. प्रथम आम्हीं भाज्याचा डोंगर चढण्यास सुरुवात केली, कारण काळाचा क्रमहि तोच आहे. भाज्याचें चैत्यगृह इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमाराचें, म्हणजे महाराष्ट्रांतील अगदीं आरंभीच्या लेण्यांपैकीं एक.

सुमारें ५९ फूट लांबीचा हा दगडी मंडप. दोन्ही बाजूंस व स्तूपामागें मिळून २७ अष्टकोनी खांब, आणि वर नावेचा तळ उलटा केल्यासारखें अर्धवर्तुळाकार छत. नवख्या माणसाच्या डोळ्यांस पहिली गोष्ट खुपते ती ही कीं, हे खांब सरळ उभे नाहींत. सर्वच्या सर्व आंतल्या बाजूस कललेले आहेत. छताला वांकविलेल्या लांकडी फासळ्या बसविल्या आहेत, आणि त्यांतील कांहीं फासळ्यांवर प्राचीन ब्राह्मी अक्षरें आढळलीं असल्यामुळें तीं लांकडें मागाहून कोणी बसविलीं अशी शंका घेण्यास जागा राहत नाहीं. दर्शनी बाजू पूर्वीं लांकडी होती. ती कालौघांत गेली. तिच्या तुळया ज्यांत बसविल्या होत्या तीं भोंकें तेवढीं राहिलीं. आज भाज्याचें चैत्यगृह समोरून उताणें उघडें दिसतें, म्हणून आपण त्याला साधें म्हणतों. ज्यांनीं तें खोदलें त्यांनीं तें असें कधीं पाहिलेंच नव्हतें.

खांब कां कलले? याचें उत्तर लांकडी घरांत आहे. वांकविलेल्या लांकडांचें छत खांबांवर ठेवलें म्हणजे तें खांबांना बाहेर रेटतें. तो रेटा सोसावा म्हणून सुतार खांब आंत झुकवून रोवतो. परंतु येथें छत कोणी ठेवलेलेंच नाहीं. घर बांधतांना आधीं खांब व मग छत. डोंगर खोदतांना क्रम उलटा. पाथरवट वरून खालीं येतो, आधीं छत मोकळें होतें आणि खांब सर्वांच्या शेवटीं सुटे होतात. अशा लेण्यांत खांब तुटून पडले तरी छत जागचें हालत नाहीं. म्हणजे हे खांब भार वाहत नाहींत, रेटाहि सोसत नाहींत. ते कललेले आहेत ते केवळ लांकडी खांब कललेले असत म्हणून. फासळ्यांचें तेंच. डोंगराला फासळ्यांचा आधार कशाला?

एवढें सांगून होतें न होतें तों भाचा म्हणाला, "म्हणजे ह्या खांबांचा कल ही मारिओची मिशीच झाली."

उपमा विचित्र खरी, पण चुकीची नव्हती. तरीहि आम्ही वर्गांत जें सांगत आलों तेंच त्याला सांगितलें : हे लोक लांकडाचे कारागीर, दगड हातीं नवा आलेला, जें येत होतें तेंच त्यांनीं दगडांत उतरविलें. नवशिक्याचें हें अनुकरण आहे. बिहारांतील बराबर टेंकड्यांत मौर्यकालीन लोमश ऋषि नांवाच्या लेण्याचें दारहि असेंच लांकडी झोंपडीच्या दाराची हुबेहुब नक्कल आहे. त्यानें मान डोलाविली. भाज्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत आमची समजूत शाबूत होती.

ती ढांसळली दुपारीं, कार्ल्यास.

एकवीरेच्या देवळापाशीं नेहमींप्रमाणें कोळी कुटुंबांची गर्दी होती. देवीच्या शेजारीं, सिंहस्तंभाच्या मागें, भारतांतील सर्वांत मोठें चैत्यगृह आहे : लांबी सुमारें १२४ फूट, रुंदी व उंची दोन्हीं सुमारें ४५ फूट. काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा, म्हणजे भाज्यानंतर सुमारें दोनशें वर्षांनीं. या दोनशें वर्षांत पाथरवट काय काय शिकला तें पाहावें. स्तूपामागचे सात खांब साधे आहेत. पण दोन्ही बाजूंस जे पंधरा-पंधरा खांब आहेत, त्यांच्या माथ्यावर गुडघे टेंकलेले हत्ती आणि त्यांवर बसलेलीं स्त्रीपुरुषांचीं जोडपीं इतक्या मोकळ्या हातानें कोरलीं आहेत कीं दगड मेणासारखा वाटावा. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, हे खांब सरळ उभे आहेत. खांब कलता ठेवण्याचें दगडांत कारण नाहीं, हें कारागिरानें ओळखलें आणि तो कल सोडून दिला.

मग आम्हीं नेहमींप्रमाणें विद्यार्थ्याला सांगावें तसें म्हटलें, "आतां वर पाहा." त्यानें वर पाहिलें; त्याच्याबरोबर आम्हींहि पाहिलें, आणि त्या दिवशीं प्रथमच तें खरोखर पाहिलें. छताला फासळ्या होत्या, आणि त्या लांकडाच्या होत्या.

वाचकहो, यांतील मर्म ध्यानीं घ्यावें. ज्या कारागिरानें कल निरुपयोगी म्हणून टाकला, त्यानें तितकीच निरुपयोगी फासळी ठेवली. त्याला दगडांतून हत्ती काढतां येत होता, तेव्हां फासळी काढतां येत नव्हती असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. बरें, श्रम वांचावेत म्हणून म्हणावें तर तेंहि नाहीं. छत घोटून तयार झाल्यावर लांकूड डोंगरावर चढवावयाचें, वांकवावयाचें, पंचेचाळीस फुटांवर नेऊन त्या गोलाईंत बसवावयाचें. हा सगळा जादा खटाटोप. स्तूपाच्या माथ्यावरचें छत्रहि लांकडाचेंच आहे. हें अज्ञान नव्हे, आळस नव्हे, संवयहि नव्हे. संवय असती तर खांबहि कललेले राहिले असते. ही निवड आहे. काय सोडावयाचें आणि काय राखावयाचें याचा विचार करून केलेली निवड.

आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच भाचा पुटपुटला, "लुकलुकणं."

खरेंच होतें तें. चैत्यगृहाला फासळ्या नसत्या तर तें चैत्यगृह कसलें, असें त्या काळच्या कोणीतरी म्हटलें असलें पाहिजे.

या लेण्यांत दात्यांचे अनेक शिलालेख आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नांवाच्या श्रेष्ठीनें जंबुद्वीपांतलें उत्तम असें हें शैलगृह पुरें केलें, असा एक लेख सांगतो. धेनुकाकट गांवच्या यवनांनीं खांब दिल्याचे लेख आहेत. आणि त्या यवनांचे खांबहि त्याच ओळींत, त्याच घडणीचे आहेत, ग्रीक वळणाचे नाहींत. परंतु आमच्या विषयाला सर्वांत जवळचा लेख निराळाच आहे. दर्शनी दाराजवळच्या या लहानशा लेखांत, या घराचें मुख धेनुकाकटच्या सामी नांवाच्या, वेणुवासाच्या मुलानें केलें असें नमूद आहे. आणि त्याचा धंदा दिला आहे 'वढकी'. संस्कृतांतला वर्धकि, हिंदींतला बढई, म्हणजे आपला सुतार! दगडाच्या लेण्याचें तोंड घडविलें एका सुतारानें. दोन हजार वर्षांपूर्वींच्या या मनुष्यास दगडांत लांकूड दिसलें यांत नवल तें काय? तो आपली भाषा नव्या मुलुखांत घेऊन आला होता.

येथें एका जुन्या वादाचा उल्लेख करणें अवश्य आहे, कारण आमची वर्गांतली समजूत त्याच वादांतून उतरली होती. लेण्यांचीं रूपें लांकडी इमारतींवरून आलीं हें शास्त्रीय रीतीनें प्रथम मांडण्याचें श्रेय जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश पंडिताचें, आणि तें त्याला दिलेंच पाहिजे. परंतु त्यावरून पुढें त्यानें असें अनुमान काढलें कीं, अशोकापूर्वीं हिंदी लोकांना दगडाचें बांधकाम ठाऊक नव्हतें, व ही विद्या त्यांस ग्रीकांच्या सहवासानें लाभली. बंगालचे राजेंद्रलाल मित्र यांनीं या मताचा प्रतिकार केला. वाद इतका कडवट झाला कीं, १८८४ सालीं फर्ग्युसननें मित्रांच्या ग्रंथांवर टीकेचें एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. वादाच्या तपशिलांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. दगडी बांधकाम केव्हां सुरू झालें हा प्रश्न उत्खननांनीं सोडवावयाचा आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, 'जुन्याची नक्कल दिसली म्हणजे नव्याचें अज्ञान सिद्ध झालें' हा तर्क भाज्यास कदाचित् लागू पडेल, कार्ल्यास पडत नाहीं. उद्यां एखाद्या संशोधकास उकिरड्यांत 'मेगा मॅन ९' सांपडला, आणि २००८ सालीं जपानी लोकांना याहून चांगलें चित्र काढतां येत नव्हतें असें त्यानें लिहिलें, तर आमचा भाचा त्याला काय म्हणेल तें सांगावयास नकोच.

आणि गंमत अशी कीं, युरोपियन पंडितांच्या घरींहि हेंच चाललें होतें. ग्रीक देवळांच्या दगडी पट्ट्यांवर तीन-तीन उभ्या रेघांच्या ज्या चौकटी असतात, त्या मूळच्या लांकडी तुळयांच्या टोकांची आठवण आहेत, असें रोमन ग्रंथकार व्हिट्रुव्हियस यानें दोन हजार वर्षांपूर्वीं लिहून ठेवलें. म्हणून अथेन्सचें पार्थेनॉन नवशिक्याचें काम आहे असें कोणी म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. आपल्याकडे मात्र तेंच लक्षण दुबळेपणाचा पुरावा ठरलें, आणि आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्यांनीं तें मुकाट्यानें पाठ करून पुढच्या पिढीस पाठ करविलें.

आतां दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. कार्ल्यानंतर तीन-चार शतकांनीं अजिंठ्याचीं १९ व २६ क्रमांकांचीं चैत्यगृहें झालीं, आणि त्यानंतर वेरूळचें १० क्रमांकाचें. तेथें फासळ्या आहेत, पण त्या दगडाच्याच, छताबरोबर कोरून काढलेल्या. लांकूड गेलें, त्याचा आकार उरला. वेरूळच्या त्या लेण्यास विश्वकर्म्याचें नांव आहे, आणि लोकांच्या तोंडीं तें 'सुताराची झोंपडी' आहे. पंडितांनीं ग्रंथ लिहून जें सिद्ध केलें तें अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या लोकांनीं नांव ठेवतांनाच ओळखलें होतें! पण जुन्याची आठवण हळूहळू नुसता अलंकार कशी होते, हेंहि तेथें दिसतें. आणि अलंकाराच्या पुढची पायरी पोकळ देखाव्याची.

ती पायरी पाहावयास फार लांब जावें लागत नाहीं. परततांना आम्ही लोणावळ्यास चहासाठीं थांबलों. तेथें नवीन बंगल्यांची रांगच लागली आहे. कित्येकांच्या सिमेंटच्या सपाट छतावर वर कौलांचा एक थर, दाराशीं वाड्याचे म्हणून उभे केलेले खांब. बोटानें वाजवावे तर आंतून पोकळ. भाच्यानें विचारलें, "मग मामा, हेही भार वाहत नाहीत. कार्ल्याच्या फासळ्याही वाहत नाहीत. फरक काय?"

प्रश्न बिनतोड होता. गाडींत बसून आम्हीं दोघांनीं मिळून त्याचें उत्तर शोधिलें, आणि तें निम्में त्याचें आहे. त्याचें म्हणणें असें कीं, चांगल्या खेळांत रूप जुनें असतें, पण रस्ते नवे असतात. 'मेगा मॅन ९' मधले शत्रु, सापळे, उड्या सगळें नवें. जुना खेळ पाठ असलेल्यालाहि तेथें पहिल्या पावलापासून शिकावें लागतें. २०१७ सालीं निघालेला 'सॉनिक मेनिया' हा खेळ तर ज्यांच्याकडून करवून घेतला त्यांत, लहानपणापासून त्या जुन्या खेळाच्या भक्तीनें घरीं बसून तसेच खेळ रचणारे हौशी लोक होते. त्यांना जुनें आंतून ठाऊक होतें. म्हणून कोठें तसेंच ठेवावें आणि कोठें हात घालावा हें त्यांना कळलें. उलट नुसतेच ठिपके काढून जुनेपणाचा आव आणणारे खेळहि पुष्कळ निघतात, ते आठ दिवसांत विसरले जातात.

आम्हीं त्यांत आमचें निम्में घातलें. सामी सुताराला लांकडी घर बांधतां येत होतें. वाड्याचे पोकळ खांब उभारणाऱ्यास वाडा बांधतां येत नाहीं. पहिल्याची नक्कल ही जाणत्याची आठवण, दुसऱ्याची ही अजाणत्याची उसनवारी. पहिल्यानें जुनें रूप घेऊन त्यांत पूर्वीं कधीं न झालेली उंची आणि हत्तींवरचीं जोडपीं आणिलीं. दुसऱ्यानें जुन्यांत कांहींच घातलें नाहीं, केवळ त्याची किंमत वसूल केली. भार वाहणें न वाहणें ही कसोटीच नव्हे. जुनें आपण जाणतों कां, आणि त्यांत आपल्या पदरचें कांहीं घालतों कां, ही कसोटी. ही कसोटी केवळ लेण्यांस व खेळांसच नव्हे, तर आपले सण, आपली भाषा, आपलीं लग्नकार्यें यांसहि लावून पाहण्यासारखी आहे. पण तो विषय निराळा.

असो. पुढच्या रविवारीं आम्ही एकटेच बेडशास गेलों. पवना नदीच्या खोऱ्यांत, करुंज गांवावरच्या डोंगरांत हें लेणें आहे. तेथें गर्दी नसते. बाहेरचे दोन भव्य खांब कार्ल्याच्या खांबांचे वडीलबंधु शोभावेत असे आहेत. आंत चैत्यगृह आहे, स्तूप आहे, तसेंच अर्धवर्तुळाकार छत आहे. फक्त फासळ्या नाहींत. येथेंहि लांकडाच्या होत्या. त्या नाहींशा झाल्या. छत पडलें नाहीं, त्याला तडा गेला नाहीं. डोंगर जसा होता तसाच उभा आहे. पण कार्ल्याहून येणाऱ्या माणसाची नजर वर जाते आणि तेथें तिला धरावयास कांहीं सांपडत नाहीं. आम्ही बराच वेळ तेथें बसलों. घरीं आल्यावर वर्गांतल्या टिपणांची वही काढली, 'नवशिक्याचें अनुकरण' हे शब्द खोडले, आणि त्यांच्या जागीं काय लिहावें याचा अजून विचार करीत आहों.